सवलतींचा प्रदेश आणि मागे उरणारा रोजगार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मला बोलावण्यात आले, याबद्दल मी संयोजकांचा मनःपूर्वक ऋणी आहे. ‘मागास भागांचा औद्योगिक विकास आणि रोजगारनिर्मिती’ असा विषय मला देण्यात आला. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. गेली चाळीस वर्षे ओतीव कामाच्या आणि लेथच्या धंद्यात काढलेला मी एक लघुउद्योजक आहे. त्यामुळे या विषयावर विद्वत्तापूर्ण विवेचन करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु शासनाने मागास म्हणून घोषित केलेल्या प्रदेशात सवलती घेऊन कारखाना काढणाऱ्यांपैकी मी एक आहे आणि तो कारखाना बंद करणाऱ्यांपैकीही एक आहे. हा दुसरा अनुभव सांगण्याचे धाडस आजवर माझ्याकडून झाले नव्हते. आज ते करावे, असे ठरवून मी येथे आलो आहे.

एखाद्या प्रदेशात उद्योग नाहीत, म्हणून तरुणांना काम नाही. काम नाही, म्हणून ते पुण्या-मुंबईकडे जातात. आणि कर्ती माणसे गेली, म्हणून उद्योग येत नाहीत. हे चक्र कोठे तरी तोडले पाहिजे, हा विचार नवा नाही आणि तो केवळ आजच्या शासनाचाही नाही. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातच त्याचे एक जुने आणि उज्ज्वल उदाहरण आहे. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपल्या कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आजच्या भाषेत बोलायचे तर एका लहानशा संस्थानाने उद्योगासाठी राखून दिलेला तो प्रदेशच होता. पुढे १९३०च्या दशकात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला. त्याभोवती वालचंदनगर वसले आणि साखरेच्या कारखान्यातून यंत्रे बनविणारा उद्योग निघाला.

या दोन्ही ठिकाणी एक समान गोष्ट दिसते. उद्योजकाने माळावर केवळ शेड उभी केली नाही. माणसांना राहण्यासाठी घरे आणि मुलांसाठी शाळा त्याने बांधल्या, नांगर धरणाऱ्या हातांना यंत्र धरायला शिकविले. त्याला तेथून परत जायचे नव्हते, म्हणून त्याला हे सर्व करणे भाग होते. माझ्या आजच्या म्हणण्याचा गाभा या एका वाक्यात आहे आणि उरलेल्या वेळात मी त्याचेच विवेचन करणार आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा राज्याचे उद्योग मुख्यतः मुंबई आणि ठाण्याच्या परिसरात एकवटलेले होते. यशवंतराव चव्हाण यांच्या कारकीर्दीत ही विषमता कमी करण्याचे दोन मोठे उपाय सुरू झाले किंवा त्यांचा पाया घातला गेला. पहिला उपाय म्हणजे १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. आपण सर्व जण त्याला एमआयडीसी म्हणूनच ओळखतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून या कार्याचा आरंभ झाला आणि आज आडवळणाच्या तालुक्यातही एमआयडीसीची पाटी दिसते. जमीन संपादन करणे, रस्ते काढणे, पाणी आणणे आणि तयार भूखंड उद्योजकाच्या हाती देणे, हे काम या महामंडळाने केले. त्याचे मोल ज्याने स्वतः सातबारा आणि बिनशेती परवान्यासाठी खेटे घातले आहेत, त्यालाच खऱ्या अर्थाने कळेल.

दुसरा उपाय म्हणजे १९६४ सालची सामूहिक प्रोत्साहन योजना. तिचे स्वरूप वेळोवेळी बदलत गेले. १९९३, २००१, २००७, २०१३ आणि २०१९ अशा सुधारित आवृत्त्या निघाल्या. परंतु तिची मूळ कल्पना कायम राहिली. राज्यातील तालुक्यांची विकासाच्या पातळीनुसार वर्गवारी करायची. विकसित भाग ‘अ’ गटात, नंतर ‘ब’, ‘क’, ‘ड’, त्याहून मागास ते ‘ड प्लस’ आणि त्यापलीकडे गडचिरोलीसारखे विनाउद्योग जिल्हे. गट जितका मागास, तितकी सवलत अधिक आणि सवलतीची मुदतही अधिक. पूर्वी ही सवलत मुख्यतः विक्रीकराच्या रूपाने मिळे. कर माफ होई किंवा तो भरण्याची मुदत पुढे ढकलली जाई. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तेव्हापासून राज्याच्या वाट्याच्या कराशी निगडित परतावा, असे तिचे रूप झाले.

या धोरणाला यश आले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. निजामाच्या राजवटीत उद्योगांपासून दूर राहिलेल्या मराठवाड्यात प्रथम चिकलठाण्याची आणि नंतर वाळूजची औद्योगिक वसाहत झाली. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. एका मोठ्या कारखान्याला शेकडो सुटे भाग लागतात. ते पुण्याहून आणण्यापेक्षा शेजारीच तयार व्हावेत, म्हणून लहान कारखानदार उभे राहिले. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक यांसारख्या पुढे देश-परदेशात पोहोचलेल्या कंपन्यांची मुळे त्याच परिसरात आहेत. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तेथे १९६० पासून होते. साचे आणि हत्यारे बनविण्याचे शिक्षण देणारी इंडो-जर्मन टूल रूमही तेथे आली. आज त्याच शहराच्या दुसऱ्या बाजूला शेंद्रा-बिडकीन येथे ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी वसविली जात आहे. सवलत हे या सर्व घडामोडींचे निमित्त होते. टिकाऊपणा आला तो एकमेकांना माल पुरविणाऱ्या कारखान्यांमुळे आणि हाताशी असलेल्या कुशल माणसांमुळे.

परंतु, बंधूंनो, प्रत्येक तालुक्याचे वाळूज झाले नाही. असे का झाले, याचा विचार केला पाहिजे.

केंद्र सरकारने १९७०च्या दशकाच्या आरंभी मागास जिल्ह्यांसाठी गुंतवणूक अनुदान सुरू केले. कारखान्याच्या जमीन, इमारत आणि यंत्रसामग्रीवर झालेल्या खर्चाचा ठरावीक हिस्सा, आरंभी १० टक्के, सरकार अनुदान म्हणून देई. हेतू उदात्त होता. परंतु अनुदान मिळे ते यंत्रावर, माणसावर नव्हे. चार कामगारांचे काम एका यंत्राने होत असेल, तर यंत्र घेण्याकडेच सरकारचा पैसा उद्योजकाला ढकलीत असे. ज्या प्रदेशात हात रिकामे आहेत, त्या प्रदेशात हात कमी लागावेत असे हे बक्षीस होते. शिवाय मागास जिल्ह्यांतही उद्योजक जागा निवडीत ते मोठ्या शहराला सर्वांत जवळची. १९७८ साली नेमलेल्या बी. शिवरामन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय समितीने मागास भागांच्या प्रश्नाचा सखोल अभ्यास केला. सवलतींचा मोठा लाभ मोजक्याच जिल्ह्यांनी घेतला आणि खऱ्या अर्थाने दूर असलेले जिल्हे दूरच राहिले, हे त्या काळातच स्पष्ट झाले होते. १९८८ साली ते केंद्रीय अनुदान बंद झाले.

हा अनुभव केवळ आपला नाही. ब्रिटनमध्ये १९८० साली उद्योगांना उतरती कळा लागलेल्या शहरी भागांसाठी ‘एंटरप्राइज झोन’ घोषित करण्यात आले आणि १९८१ पासून ते प्रत्यक्षात आले. करात सूट आणि परवान्यांत सुलभता, असे त्यांचे स्वरूप होते. काही वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा त्या क्षेत्रांत दिसणाऱ्या रोजगारांपैकी लक्षणीय भाग नवा नसून आसपासच्याच भागातून सरकून आलेला आहे, असे अभ्यासकांना आढळले. रस्त्याच्या एका बाजूचे दुकान दुसऱ्या बाजूला गेले, तर दुसऱ्या बाजूला भरभराट दिसते. गावाचा व्यापार मात्र तेवढाच राहतो. आपल्याकडे २००३ साली उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेश यांना दहा वर्षांची उत्पादनशुल्क माफी मिळाली, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. बद्दी, हरिद्वार, पंतनगर येथे कारखान्यांची रांग लागली. तेथील तरुणांना काम मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि त्यांतील कोणता कारखाना खरोखर नवा आणि कोणता इतर राज्यांतून केवळ पत्ता बदलून आलेला, हे विचारल्यावाचून देशाचा हिशेब पुरा होत नाही.

आता मी माझ्या स्वतःच्या हिशेबाकडे वळतो.

१९९४ साली मी मराठवाड्यातील एका ‘ड’ गटातील तालुक्यात पंपाच्या सुट्या भागांचा कारखाना काढला. त्या तालुक्याचे नाव मी येथे घेत नाही. तेथील लोकांचा काहीच दोष नव्हता. माझ्या सनदी लेखापालाने कागदावर आकडे मांडून दाखविले की, विक्रीकराच्या माफीतून यंत्रांची किंमत काही वर्षांतच भरून निघेल. निर्णय त्या कागदावर झाला. ओतीव माल कोल्हापूरहून ट्रकने जाई. तेथे लेथवर त्याची कातणी आणि ड्रिलिंग होई आणि तयार माल पुन्हा कोल्हापूर-सांगलीच्या बाजारात येई. कच्चा माल तिथला नव्हता, गिऱ्हाईक तिथले नव्हते, दुरुस्तीचा मेकॅनिकही इथूनच जात असे. त्या तालुक्याकडून आम्ही वीज, पाणी आणि मजुरी एवढेच घेतले. खरे सांगायचे तर तो तालुका आमच्यासाठी कारखान्याची जागा नव्हता. तो आमच्या बिलावरचा पत्ता होता.

कारखान्यात ३८ माणसे कामाला होती. त्यांतील बहुतेकांनी लेथ जवळून प्रथम तेथेच पाहिला. ज्या शेतकऱ्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती, तो एके दिवशी मुलाला घेऊन आला. दहावी झालेला मुलगा होता. वडील म्हणाले, “साहेब, चार एकर गेली. पैसे आले तसे घरात आणि लग्नात गेले. आता ह्या पोराला आत घ्या.” तेव्हा मला पहारेकरी हवा होता. आमच्या व्यवस्थापकाने त्याला फाटकावर ठेवावे असे सुचविले आणि मी मान डोलावली. ज्या जमिनीचा तो वारस होता, तिच्या फाटकावर तो काठी घेऊन उभा राहिला. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही, हे आज सांगताना मला संकोच वाटतो.

वर्षभराने एका जुन्या टर्नरने हट्ट धरला की, या मुलाला हात चांगला आहे, त्याला लेथवर द्या. मी परवानगी दिली. त्यात माझी काही दूरदृष्टी होती, असे कोणी समजू नये. मला एक टर्नर कमी पडत होता, एवढेच.

पुढे माफीची मुदत संपली. त्याच लेखापालाने पुन्हा कागदावर आकडे मांडले. येण्या-जाण्याचे ट्रकभाडे वजा जाता काही उरत नव्हते. २००४ साली आम्ही यंत्रे उचलून परत आणली. कायद्याने देय असलेली रक्कम प्रत्येकाला दिली. कायद्याच्या दृष्टीने माझ्याकडून काहीही चुकले नव्हते. परंतु शेवटच्या दिवशी ती ३८ माणसे शेडच्या बाहेर उभी होती आणि त्यांच्यापैकी एकानेही मला शिवी दिली नाही, हे मी विसरू शकलेलो नाही.

अलीकडे एका लग्नाच्या निमित्ताने त्या बाजूला जाणे झाले. भूखंडावर वेड्या बाभळी माजल्या आहेत. गावातील एसटी स्थानकाच्या रस्त्यावर मात्र एक वर्कशॉप दिसले. ट्रॅक्टरचे शाफ्ट, उसाच्या चरकाचे रूळ, पाणबुडी पंपाचे भाग यांची दुरुस्ती तेथे होते. मालक बाहेर आला. तो तोच मुलगा होता. आता त्याच्या दाढीत पांढरे केस आहेत. त्याच्याकडे सात माणसे कामाला आहेत आणि त्यांतील दोघे आमच्याच ३८ जणांपैकी आहेत. त्याने चहा मागविला. कपाटातून एक मायक्रोमीटर काढून माझ्यासमोर ठेवला आणि हसत म्हणाला, “साहेब, हा तुमचा. सामान उचलताना राहिला होता. परत द्यायचा म्हणून ठेवलाय.” मी तो घेतला नाही.

त्या रात्री मी विचार करीत होतो. शासनाने माझ्या कारखान्यासाठी सोडून दिलेला कर, महामंडळाने काढलेला रस्ता, आणलेले पाणी, बँकेचे कर्ज आणि माझे दहा वर्षांचे श्रम यांतून त्या तालुक्यात काय उरले? एका म्हाताऱ्या टर्नरने एका मुलाला हाताला धरून शिकविलेले काम तेवढे उरले. योजनेच्या कोणत्याही रकान्यात त्याची नोंद नव्हती.

म्हणून विशेष आर्थिक क्षेत्रांविषयी जेव्हा वाद झाले, तेव्हा मला दोन्ही बाजूंचे थोडे थोडे पटत होते. १९६५ साली कांडला येथे आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र आपल्याच देशात झाले. १९७३ साली मुंबईत अंधेरीला सीप्झ आले. तेथील इलेक्ट्रॉनिक्स आणि जडजवाहिरांच्या उद्योगांनी अनेकांना काम दिले. २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्र अधिनियम संमत झाला, तेव्हा लाखो रोजगारांची चित्रे रंगविली गेली. परंतु रायगड जिल्ह्यात शेतकऱ्यांनी जमिनी देण्यास नकार दिला. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाला शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले. पुढे तो प्रकल्प बारगळला. गोव्यात तर २००७ च्या अखेरीस जनमताच्या रेट्यापुढे सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रे रद्द करण्याची घोषणा केली. ही माणसे विकासाच्या विरुद्ध होती, असे मला वाटत नाही. फाटकावरचा पहारेकरी त्यांनी पाहिलेला होता.

२०१४ साली भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी या क्षेत्रांचा लेखाजोखा संसदेपुढे ठेवला. देशभरात अधिसूचित झालेल्या सुमारे ४५,६०० हेक्टर जमिनीपैकी सुमारे २८,५०० हेक्टरवरच काम सुरू झाले होते. बारा राज्यांतील जी क्षेत्रे व घटक नमुन्यादाखल तपासले गेले, त्यांत आश्वासन दिलेल्या रोजगाराच्या तुलनेत पडलेली तूट सुमारे ६६ टक्क्यांपासून ९७ टक्क्यांपर्यंत होती. म्हणजे शंभर नोकऱ्या सांगितल्या, तेथे कोठे चौतीस, तर कोठे केवळ तीन-चार. आकडे रुक्ष असतात. परंतु प्रत्येक न मिळालेल्या नोकरीमागे कोणी तरी जमीन दिलेली असते.

मग यशस्वी प्रदेशात वेगळे काय असते? आयर्लंडमधील शॅनन या गावाचे उदाहरण मला बोधप्रद वाटते. अटलांटिक ओलांडणारी विमाने इंधनासाठी तेथे उतरत. लांब पल्ल्याची जेट विमाने आली, तेव्हा विमानतळ ओस पडण्याची वेळ आली. १९५९ साली तेथे करसवलतींचे मुक्त क्षेत्र घोषित झाले. परंतु तेवढ्यावर कोणी थांबले नाही. कामगारांसाठी नवे नगर वसविले गेले. १९७२ साली जवळच्या लिमरिकमध्ये तंत्रशिक्षणाची उच्च संस्था निघाली. तीच आज लिमरिक विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. सवलतींचे नियम पुढे बदलले. परंतु उद्योग तेथे टिकून राहिले आहेत. १९८० साली चीनने शेन्झेन येथे आपले पहिलेवहिले विशेष आर्थिक क्षेत्र उभारले, त्या काळात चिनी अधिकारी शॅननला अभ्यासासाठी येऊन गेले होते.

आपल्या शासनानेही या दिशेने काही पावले टाकली आहेत, हे नमूद केले पाहिजे. २००८ च्या शासन निर्णयानुसार उद्योगांत पर्यवेक्षकांच्या जागांवर किमान ५० टक्के आणि इतर जागांवर किमान ८० टक्के स्थानिक माणसे असली पाहिजेत. परंतु येथे ‘स्थानिक’ म्हणजे पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहिलेला. ठाण्याचा तरुण गडचिरोलीतही स्थानिकच ठरतो. त्यामुळे अट पाळूनही शेजारच्या गावातील मुलगा बाहेर राहू शकतो. दुसरे पाऊल मला अधिक मोलाचे वाटते. १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेत प्रथमच नोकरीला लागणाऱ्याला पंधरा हजार रुपयांपर्यंत आणि नवा कामगार घेणाऱ्या मालकाला त्या कामगारामागे दरमहा तीन हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. म्हणजे सरकारचा पैसा यंत्राऐवजी माणसामागे जाऊ लागला आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या चुकीची ही दुरुस्ती आहे. तरीही मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न याही योजनेला आहेच आणि त्याचे उत्तर सरकारच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे.

या सभागृहात अनेक उद्योजक आणि व्यापारी बसले आहेत. त्यांतील काही जणांचे भूखंड मागास तालुक्यांत आहेत, हे मला ठाऊक आहे. माझी चूक त्यांनी करू नये, म्हणून मी तीन विनंत्या करतो.

पहिली विनंती अशी. सवलत वजा करून हिशेब मांडा. सवलत नसती, तरी या जागी हा कारखाना दहा वर्षांनी चालेल काय, असे स्वतःला विचारा. कच्चा माल, गिऱ्हाईक किंवा कुशल हात, यांपैकी निदान एक गोष्ट त्या मातीतली असली पाहिजे. तशी ती नसेल, तर तो कारखाना काढू नये. लोकांना आशा लावून ती परत काढून घेण्यापेक्षा आशा न लावणे बरे.

दुसरी विनंती. ज्या घराची जमीन आपल्या फाटकाच्या आत आली आहे, त्या घरातील एका तरी मुलाला किंवा मुलीला फाटकाच्या आत काम शिकवा. १९६१ सालापासून आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. पुष्कळ लहान कारखानदार त्याकडे कटकट म्हणून पाहतात. मीही तसेच पाहत होतो. परंतु दोन वर्षे विद्यावेतन देऊन तयार केलेला फिटर किंवा सीएनसी चालविणारा कामगार ही कोणत्याही अनुदानाहून मोठी मालमत्ता आहे आणि तुम्ही गेलात तरी ती त्या गावातच राहते.

तिसरी विनंती. सुटा भाग, पॅकिंग, वाहतूक, दुरुस्ती, उपाहारगृह, यांपैकी जे जे त्या तालुक्यात मिळू शकेल, ते तेथेच घ्या. आरंभी ते महाग पडेल, दर्जाही कमी असेल. परंतु एका कारखान्याभोवती असे पाच-दहा लहान व्यवसाय उभे राहिले, तर कारखाना गेल्यावरही ते दुसऱ्याचे काम धरू शकतात. वाळूजला जे मोठ्या प्रमाणावर झाले, ते आपल्या कुवतीप्रमाणे लहान प्रमाणावर होऊ शकते.

विद्यार्थी मित्रांना एकच सांगतो. पदवी घ्या, जरूर घ्या. परंतु एखादे काम हाताने करता येईल इतके शिका. कंपन्या येतील आणि जातील, सरकारच्या योजनांची नावे बदलतील. हाताला आलेले काम कोणाला उचलून ट्रकमध्ये घालता येत नाही.

पन्नास वर्षे एखादी संस्था टिकते, ती देणगीच्या आकड्यांमुळे टिकत नाही. तिच्यात घडलेली माणसे तिला टिकवून ठेवतात. प्रदेशाचेही तसेच आहे. शासन नकाशावर रेषा ओढून एखादा भाग विकासाचा म्हणून घोषित करू शकते; रस्ता, पाणी आणि वीज देऊ शकते; काही वर्षे कर सोडू शकते. हे सर्व आवश्यक आहे आणि ते मिळाल्याशिवाय दूरच्या तालुक्यात कोणी पाऊल ठेवणार नाही. परंतु त्या रेषेच्या आत माणूस घडविण्याचे काम उद्योजकाला करावे लागते. ते माझ्याकडून झाले नाही. जे थोडे झाले, ते एका टर्नरच्या हट्टामुळे झाले.

त्या वर्कशॉपच्या मालकाने मला निघताना एक विचारले. आता त्याला एक जुना सीएनसी लेथ घ्यायचा आहे, तो शिकवायला आमच्याकडचा कोणी माणूस दोन महिन्यांसाठी मिळेल का? मी होकार दिला आहे. मागे राहिलेल्या हिशेबातील ही माझी पहिली परतफेड आहे.